गाडीच्या एसीत घरी गॅस भरणे: तत्त्व, मोजमाप आणि मर्यादा

या पाठातून काय शिकाल

- गाडीच्या एसीत गॅस नेमके काय काम करतो आणि तो कमी का होतो.
- गेजवरचा दाब पाहून गॅसचे प्रमाण का कळत नाही.
- घरी कोणती तपासणी करता येते आणि कोणते काम गॅरेजच्या मशीनवरच करावे.
- डब्यातून गॅस भरताना कोणती काळजी घ्यावी.

१. प्रस्तावना

उन्हाळा लागला की गाडीचा एसी पूर्वीसारखा थंड करत नाही, अशी तक्रार घरोघरी सुरू होते. त्यावर "गॅस कमी झाला असेल, टॉप-अप करून घ्या" हा सल्लाही ठरलेला असतो. आता आर-१३४ए वायूचे साधारण ४५० ग्रॅमचे डबे, डब्याला लावायचा नळ, रबरी नळी आणि छोटे गेज असा संच ऑनलाइन विकत मिळतो. त्यामुळे हे काम घरच्या पार्किंगमध्येच उरकावे, असे अनेकांना वाटते.

काम दिसायला सोपे आहे. मात्र ते चुकले तर कॉम्प्रेसर निकामी होऊ शकतो, आणि नवा कॉम्प्रेसर गॅस भरण्याच्या खर्चाच्या कितीतरी पट महाग असतो. हाताला किंवा डोळ्याला इजा होऊ शकते. वायू हवेत सुटला तर वातावरणाचेही नुकसान होते. म्हणून डबा विकत घेण्यापूर्वी दोन गोष्टी समजून घ्या. पहिली, एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो कमी झाला असेल तर कुठूनतरी गळला आहे. दुसरी, तो दाबाने नव्हे, वजनाने मोजायचा असतो. पुढचा सगळा पाठ या दोन गोष्टींचा विस्तार आहे.

२. गाडीचा एसी कसा चालतो

एसी थंडी "तयार" करत नाही. तो गाडीच्या आतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. उष्णता वाहून नेण्याचे काम गॅस करतो. या वायूचे नेमके नाव शीतक, पण बोलताना आपण गॅसच म्हणतो. बंद वाटेने तो पुन्हा पुन्हा फिरत राहतो. त्याच्या वाटेवर चार मुख्य टप्पे असतात.

कॉम्प्रेसर: इंजिनाच्या पट्ट्यावर चालतो. कमी दाबाचा वायू ओढून घेतो आणि दाबून गरम, जास्त दाबाचा वायू पुढे ढकलतो.

कन्डेन्सर: रेडिएटरच्या पुढे बसवलेली जाळी. इथे बाहेरच्या हवेने वायू थंड होतो आणि त्याचा द्रव बनतो.

एक्स्पान्शन व्हॉल्व्ह: बारीक छिद्रातून द्रव पुढे जातो आणि त्याचा दाब एकदम उतरतो.

कूलिंग कॉइल: डॅशबोर्डच्या आत असते. कमी दाबाखाली द्रव इथे उकळतो आणि उकळण्यासाठी लागणारी उष्णता आतल्या हवेतून घेतो. म्हणून ब्लोअरची हवा थंड लागते.

या वाटेवर ओलावा शोषून घेणारा एक ड्रायरही असतो. आर-१३४ए साध्या वातावरणीय दाबाला उणे २६ अंश सेल्सिअसलाच उकळतो. दाब वाढवला की त्याचा उत्कलनबिंदू वाढतो आणि कमी केला की उतरतो. सारा खेळ या एका गुणधर्मावर चालतो.

गॅसबरोबर थोडे तेलही फिरत असते. कॉम्प्रेसरला वंगण मिळते ते याच तेलाचे. गाडीच्या इंजिनासारखी वेगळी तेलाची टाकी आणि पंप बहुतेक कॉम्प्रेसरना नसतो. त्यामुळे गॅस पुरेसा फिरला नाही, तर तेलही परत येत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

३. गॅस कमी का होतो

एसीची व्यवस्था बंद असली तरी पूर्ण हवाबंद नसते. कॉम्प्रेसर बॉनेटखाली पट्ट्यावर फिरतो, इंजिन हादरते, म्हणून मध्ये रबरी नळ्या लागतात. नळ्यांच्या भिंतीतून, सांध्यांच्या ओ-रिंगमधून आणि कॉम्प्रेसरच्या शाफ्टच्या सीलमधून अगदी थोडा वायू झिरपतोच. घरचा फ्रिज वर्षानुवर्षे गॅस न भरता चालतो, कारण त्याच्या नळ्या धातूच्या असतात, सांधे झाळलेले असतात आणि कॉम्प्रेसर सीलबंद डब्यात असतो. गाडीत तशी रचना करता येत नाही.

हे झिरपणे किती असावे? युरोपीय संघाच्या नियमांनुसार एक कूलिंग कॉइल असलेल्या गाडीतून वर्षाला ४० ग्रॅमपेक्षा जास्त वायू गळता कामा नये. ही कमाल मर्यादा आहे. चांगल्या अवस्थेतल्या गाडीतून याहून कमी झिरपतो. म्हणून पाच-सहा वर्षांनी गॅस थोडा कमी होणे नवल नाही. पण गेल्या उन्हाळ्यात भरलेला गॅस या उन्हाळ्यात पुन्हा कमी झाला असेल, तर ती गळती आहे. गळती न शोधता दरवर्षी भरत राहणे म्हणजे पंक्चर न काढता रोज हवा भरण्यासारखे आहे.

गळतीच्या नेहमीच्या जागा अशा:

- दगड लागून किंवा गंजून भोक पडलेला कन्डेन्सर.
- सांध्यांमधल्या कडक झालेल्या ओ-रिंग.
- कॉम्प्रेसरच्या शाफ्टचे सील.
- गॅस भरण्याच्या तोंडाचा व्हॉल्व्ह, विशेषतः त्याचे टोपण हरवले असेल तर.
- कूलिंग कॉइल. ही डॅशबोर्डच्या आत असल्याने शोधायला सर्वांत अवघड.

४. दाबावरून गॅसचे प्रमाण का कळत नाही

टायरमधली हवा आपण दाबाने मोजतो. ३३ पीएसआय असेल तर बरोबर, २० असेल तर कमी. एसीच्या गॅसलाही हाच नियम लावण्याचा मोह होतो आणि नेमकी इथेच फसगत होते.

टायरमध्ये फक्त वायू असतो. एसी बंद असताना आतमध्ये द्रव आणि वायू दोन्ही असतात. अशा स्थितीत दाब केवळ तापमानावर ठरतो, द्रव किती आहे यावर नाही. घरातल्या एलपीजी सिलिंडरचे हेच होते. सिलिंडर अर्धा असो की भरलेला, शेगडीची ज्योत सारखीच असते. म्हणून सिलिंडर किती भरला आहे हे आपण वजन करून पाहतो.

शुद्ध आर-१३४ए द्रव आणि वायू अशा दोन्ही रूपांत असेल, तर गेजवर दिसणारा दाब साधारण असा असतो:

- २० अंश सेल्सिअसला ६८ पीएसआय
- २५ अंशांना ८२ पीएसआय
- ३० अंशांना ९७ पीएसआय
- ३५ अंशांना ११४ पीएसआय
- ४० अंशांना १३३ पीएसआय

उदाहरण

समजा, एका लहान गाडीच्या बॉनेटखालच्या लेबलवर गॅसचे प्रमाण ३५० ग्रॅम लिहिले आहे. तिच्या एसी व्यवस्थेच्या आतली एकूण जागा २.५ लिटर आहे असे गृहीत धरू. गाडी रात्रभर उभी आहे आणि सगळीकडे तापमान ३० अंश आहे.

३० अंशांना आर-१३४एची संपृक्त वाफ दर लिटरला सुमारे ३७.५ ग्रॅम मावते. म्हणजे २.५ × ३७.५ = सुमारे ९४ ग्रॅम. आत ९४ ग्रॅम गॅस असला, तर तो सगळा वायुरूपात असेल आणि गेज ९७ पीएसआय दाखवेल. त्याहून जास्त जो काही असेल, तो द्रव होऊन बसेल आणि दाब वाढणार नाही. परिणाम असा:

- गॅस १०० ग्रॅम: ९७ पीएसआय
- गॅस २०० ग्रॅम: ९७ पीएसआय
- गॅस ३५० ग्रॅम, म्हणजे बरोबर: ९७ पीएसआय
- गॅस ४५० ग्रॅम, म्हणजे १०० ग्रॅम जास्त: ९७ पीएसआय
- गॅस ६० ग्रॅम: सुमारे ६० पीएसआय

यावरून दिसते की दोन तृतीयांशाहून अधिक गॅस गळून गेला, तरी उभ्या गाडीत गेज तोच आकडा दाखवतो.

एसी चालू केल्यावर तरी कळेल का? चालू एसीत कमी दाबाच्या बाजूला साधारण २५ ते ४५ पीएसआय दाब असतो. पण हा आकडा बाहेरचे तापमान, हवेतली आर्द्रता, इंजिनाचा वेग, ब्लोअरचा वेग आणि कॉम्प्रेसरचा प्रकार या सगळ्यांवर बदलतो. अनेक नव्या गाड्यांतला कॉम्प्रेसर आपली क्षमता आपणच कमी-जास्त करून हा दाब जवळजवळ एकसारखा ठेवतो. म्हणून डब्याबरोबर मिळणाऱ्या गेजवरचा हिरवा पट्टा हा फार ढोबळ अंदाज आहे. शिवाय त्या गेजला जास्त दाबाची बाजू दिसतच नाही.

दाबाचा उपयोग कुठे होतो?

गेज निरुपयोगी नाही. गाडी काही तास सावलीत उभी ठेवून, इंजिन पूर्ण थंड असताना दाब पाहा आणि वरच्या यादीशी ताडून पाहा.

- दाब यादीपेक्षा बराच कमी: आत द्रव उरलेला नाही. मोठी गळती आहे.
- दाब शून्य: व्यवस्था उघडी पडली आहे. आत हवा आणि ओलावा शिरला आहे. वरून गॅस भरून उपयोग नाही.
- दाब यादीइतका: थोडा तरी द्रव आहे. प्रमाण बरोबर आहे की नाही, हे यावरून सांगता येत नाही.
- दाब यादीपेक्षा स्पष्टपणे जास्त: आत हवा मिसळलेली आहे किंवा दुसराच वायू भरलेला आहे.

५. प्रमाण चुकले तर काय होते

लहान गाड्यांत साधारण ३०० ते ४५० ग्रॅम आणि मोठ्या गाड्यांत ५०० ते ७०० ग्रॅम गॅस असतो. मागच्या आसनांसाठी वेगळी कूलिंग कॉइल असेल तर याहून जास्त. तुमच्या गाडीचा आकडा बॉनेटखालच्या लेबलवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत मिळेल. तोच प्रमाण मानावा.

गॅस कमी असेल तर: थंडावा कमी मिळतो. गाडी सिग्नलला थांबली की हवा कोमट होते. कॉम्प्रेसर वारंवार चालू-बंद होतो. तेल परत येत नाही म्हणून कॉम्प्रेसर झिजतो. गॅस फारच कमी झाला तर दाबाचा स्विच कॉम्प्रेसर चालूच होऊ देत नाही. ही गाडीने केलेली स्वतःची राखण आहे. तो स्विच वायरने जोडून कॉम्प्रेसर जबरदस्तीने चालवू नये.

गॅस जास्त असेल तर: कन्डेन्सरमध्ये द्रव साचतो आणि वायू थंड होण्यासाठी जागा उरत नाही. जास्त दाबाच्या बाजूचा दाब वाढतो, इंजिनावर भार येतो आणि थंडावा उलट कमी होतो. थंडावा कमी झाला म्हणून माणूस आणखी गॅस भरतो आणि अडचण वाढत जाते. कॉम्प्रेसरमध्ये द्रव शिरला तर आतले भाग तुटू शकतात, कारण वायू दाबता येतो, द्रव दाबता येत नाही.

लहान गाडीत ५० ग्रॅमची चूक म्हणजे सातव्या हिश्शाची चूक. घरच्या कामात एवढा फरक सहज पडतो.

६. गॅसला हात लावण्यापूर्वी

थंडावा कमी होण्याची अनेक कारणे गॅसशी संबंधित नसतात. पुढील तपासणी घरी, जवळजवळ फुकटात होते. ती याच क्रमाने करा.

१) केबिन फिल्टर: बहुतेक गाड्यांत तो हातमोजे ठेवायच्या कप्प्यामागे असतो. धुळीने भरलेला असेल तर ब्लोअर पूर्ण वेगाने चालूनही हवा कमी येते. हवा कमी पण थंड येत असेल, तर आधी इथेच पाहा.

२) कन्डेन्सर: पुढच्या जाळीतून आत पाहा. चिखल, पाने, किडे बसले असतील तर साध्या नळाच्या पाण्याने हलकेच धुवा. जोराच्या फवाऱ्याने पातळ पत्रे वाकतात.

३) पंखा: एसी चालू केल्यावर रेडिएटरचा पंखा फिरायला हवा. गाडी पळताना थंडावा चांगला आणि उभी राहिली की कमी, असे होत असेल तर पंख्यावर पहिला संशय घ्यावा.

४) कॉम्प्रेसर: एसीचे बटण दाबल्यावर "टक" असा आवाज येऊन कॉम्प्रेसरच्या पुढची प्लेट फिरू लागते का, ते लांबून पाहा. नसेल तर फ्यूज आणि रिले तपासा. काही नव्या कॉम्प्रेसरना अशी प्लेट नसते, तिथे ही खूण लागू होत नाही.

५) तापमानाची कळ: गरम आणि थंड हवा मिसळणारी झडप अडकली तर एसी ठीक असूनही हवा कोमट येते.

६) थर्मामीटर: मधल्या जाळीत साधा थर्मामीटर ठेवा. एसी पूर्ण थंडीवर, आतलीच हवा फिरवण्याच्या स्थितीत दहा मिनिटे चालवा. साधारणपणे येणारी हवा बाहेरच्या हवेपेक्षा १५ ते २० अंशांनी थंड असावी. मुंबईसारख्या दमट हवेत हा फरक थोडा कमी दिसतो, कारण कॉइलची बरीचशी शक्ती हवेतल्या बाष्पाचे पाणी करण्यात जाते. कोरड्या नागपुरात तीच गाडी अधिक फरक दाखवेल.

एवढे सगळे ठीक असेल तरच गॅसकडे वळा.

७. गळती शोधणे

गॅसबरोबर तेलही बाहेर येते आणि त्यावर धूळ चिकटते. म्हणून सांध्यावर किंवा कन्डेन्सरवर तेलकट, मळकट डाग दिसला, तर तिथे गळती असण्याचा संभव जास्त. अशा जागी भांडी घासायच्या साबणाचे दाट पाणी ब्रशने लावा. बुडबुडे आले तर जागा सापडली. हे काम इंजिन बंद आणि थंड असतानाच करा.

बारीक गळती साबणाला सापडत नाही. त्यासाठी गॅरेजमध्ये आत रंगद्रव्य सोडतात आणि काही दिवसांनी अतिनील दिव्याखाली त्याची चमक शोधतात. इलेक्ट्रॉनिक लीक डिटेक्टरही वापरतात.

गळती बंद करणारे रसायन मिसळलेले डबे मिळतात. ते टाळा. ते एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रात बसू शकते, आणि पुढे गॅरेजच्या मशीनमध्ये गेले तर ते मशीनही बिघडवते.

८. व्हॅक्यूम का लागतो

एखादा पाइप किंवा कन्डेन्सर बदलला की आत हवा शिरते आणि तिच्याबरोबर बाष्पही. हवेचा कन्डेन्सरमध्ये द्रव होत नाही, ती नुसती जागा अडवते आणि दाब वाढवते. पाणी त्याहून वाईट. ते एक्स्पान्शन व्हॉल्व्हपाशी गोठून वाट बंद करते आणि तेलाशी मिळून आतला धातू खराब करते.

हे पाणी काढण्यासाठी पंपाने आतला दाब खूप खाली आणतात. ३० अंशांना पाणी सुमारे ४२ मिलिबार दाबाखाली उकळते. वातावरणाचा दाब १०१३ मिलिबार असतो. म्हणजे दाब त्याच्या पंचविसाव्या भागापेक्षाही खाली नेला, तर साध्या तापमानालाच पाणी वाफ होऊन पंपातून निघून जाते. यासाठी साधारण अर्धा ते पाऊण तास पंप चालवावा लागतो. नंतर पंप बंद करून गेजचा काटा स्थिर राहतो का ते पाहतात. काटा परत चढला तर गळती अजून बाकी आहे.

डबा आणि नळी या घरच्या संचात ही पायरीच नसते. म्हणून व्यवस्था एकदा उघडी पडली असेल, तर हे काम घरचे राहत नाही.

९. डब्यातून गॅस भरणे

गॅस अगदी थोडा कमी आहे, गाडी पाच-सहा वर्षांची आहे, कधी उघडलेली नाही, कॉम्प्रेसर चालतो आहे आणि लेबलवर आर-१३४ए लिहिले आहे, अशाच वेळी टॉप-अपचा विचार होऊ शकतो. तरीही एक अडचण उरतेच: तुम्ही किती गॅस घातला हे कळते, आधी आत किती होता हे कळत नाही. म्हणून थोडे भरावे आणि लवकर थांबावे.

तयारी

- जागा मोकळी, वारा खेळता. बंद पार्किंगमध्ये इंजिन चालवू नये.
- डोळ्यांवर चष्मा, हातात जाड मोजे. सुटणारा वायू उणे २६ अंशांपर्यंत थंड होतो आणि त्वचा किंवा डोळा क्षणात गोठवू शकतो.
- जवळपास ज्योत, सिगारेट नको. आर-१३४ए साध्या स्थितीत पेट घेत नाही, पण ज्योतीत त्याचे विघटन होऊन हायड्रोजन फ्लोराइडसारखा विषारी वायू तयार होतो.
- स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा. हे या कामातले सर्वांत उपयोगी साधन आहे.

कृती

१) डब्यावर नळ बसवण्याआधी नळाची सुई वर घेतलेली आहे याची खात्री करा. बसवल्यावर सुई खाली फिरवली की डब्याला भोक पडते आणि वर फिरवली की वायू सुटतो.

२) कमी दाबाचे तोंड शोधा. ते कूलिंग कॉइलकडून कॉम्प्रेसरकडे येणाऱ्या जाड पाइपवर असते. आर-१३४एच्या गाड्यांत कमी दाबाचे तोंड १३ मिलिमीटरचे आणि जास्त दाबाचे १६ मिलिमीटरचे ठेवलेले असते, ते चूक टाळण्यासाठीच. नळी बसत नसेल तर जोर लावू नका. जास्त दाबाच्या तोंडाला डबा जोडला गेला तर तो फुटू शकतो.

३) नळी जोडताना तिच्यातली हवा क्षणभर वायू सोडून बाहेर जाऊ द्या, नाहीतर ती एसीत जाते.

४) नळ बसवलेल्या डब्याचे वजन करा आणि लिहून ठेवा.

५) गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. इंजिन चालू, एसी पूर्ण थंडीवर, ब्लोअर पूर्ण वेगात, दारे उघडी. नळी पंख्यापासून आणि पट्ट्यापासून दूर ठेवा.

६) डबा उभाच धरा. उभ्या डब्यातून वायू येतो, उलट्या डब्यातून द्रव. कमी दाबाच्या बाजूने द्रव गेला तर कॉम्प्रेसर तुटू शकतो.

७) नळ थोडा उघडा, काही सेकंदांनी बंद करा, काही मिनिटे थांबून थर्मामीटर आणि गेज पाहा. डबा गार पडून वायू येईनासा झाला तर तो कोमट पाण्यात धरा. ५० अंशांपेक्षा जास्त गरम कधीही करू नका.

८) मधूनमधून डब्याचे वजन करा. लेबलवरच्या प्रमाणाच्या दहाव्या हिश्शाइतका गॅस गेला आणि थंडाव्यात फरक पडला नाही, तर थांबा. दोष गॅसच्या प्रमाणात नाही.

९) काम संपल्यावर आधी नळ बंद करा, मग नळी काढा, आणि तोंडाचे टोपण घट्ट बसवा. ते टोपण धुळीसाठी नाही, ते सीलचाच भाग आहे.

तेल मिसळलेला डबा सहसा घेऊ नये. गळती किरकोळ असेल तर तेल फारसे जात नाही, आणि जास्तीचे तेल कॉइलच्या आत थर धरून थंडावा कमी करते.

१०. घरी मुळीच करू नये अशी परिस्थिती

- विजेवर चालणाऱ्या आणि हायब्रिड गाड्या. त्यांचा कॉम्प्रेसर उच्च दाबाच्या विजेवर चालतो आणि त्याला वीज न वाहणारे खास तेल लागते. साध्या गाडीचे तेल थोडे जरी मिसळले तरी विजेचे आवरण कमकुवत होते.
- लेबलवर आर-१२३४वायएफ लिहिले असेल. हा वायू सौम्य ज्वलनशील आहे, त्याची तोंडे वेगळी असतात, आणि त्यात आर-१३४ए मिसळू नये.
- गेज शून्य दाखवत असेल, किंवा गाडीचा अपघात होऊन पुढचा भाग दबला असेल.
- आत कोणता वायू आहे याचीच खात्री नसेल.

डब्यावरच्या नावावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. स्वस्तातला पर्याय म्हणून प्रोपेन-ब्युटेनचे मिश्रण विकले जाते. ते चांगले थंड करते, पण कूलिंग कॉइल गळली तर ज्वलनशील वायू थेट माणसे बसतात तिथे येतो. मिथिल क्लोराइडची भेसळ तर त्याहून घातक. ते ॲल्युमिनियमशी मिळून हवेत आपोआप पेटणारे संयुग बनवते. २०११ मध्ये अशी भेसळ झालेल्या जहाजी शीतकंटेनरांच्या यंत्रांचे स्फोट होऊन व्हिएतनाम आणि ब्राझीलमध्ये कामगार मृत्युमुखी पडले. गाडीचा कन्डेन्सर आणि कॉइल सहसा ॲल्युमिनियमचेच असतात.

११. हवेत सोडलेला गॅस

१९९० च्या दशकापर्यंत गाड्यांत आर-१२ वापरत. तो ओझोनचा थर नष्ट करतो म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो जगभर बंद होत गेला आणि त्याची जागा आर-१३४एने घेतली. आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण उष्णता अडवून ठेवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट प्रभावी आहे.

हिशेब करून पाहा. ४५० ग्रॅमचा एक डबा हवेत गेला तर ०.४५ × १४३० = सुमारे ६४३ किलो कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम होतो. एक लिटर पेट्रोल जळल्यावर साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे एक डबा सुमारे २८० लिटर पेट्रोल जाळण्याबरोबर. लिटरला १८ किलोमीटर देणारी गाडी तेवढ्यात ५००० किलोमीटर धावेल.

म्हणूनच देशोदेशी यावर बंधने आली. युरोपीय संघाने एकदा वापरून फेकायचे डबे २००७ पासून बाजारातून हटवले आणि २०१७ पासून नव्या मोटारींत आर-१३४ए बंद केला. अमेरिकेत घरी गॅस भरण्याची पद्धत रूढ आहे, पण तिथे २०१८ पासून लहान डब्यांना आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह सक्तीचा आहे. असे वायू टप्प्याटप्प्याने कमी करण्यासाठी २०१६ मध्ये किगाली दुरुस्ती झाली. भारताने ती २०२१ मध्ये मान्य केली. त्यानुसार २०३२ पासून कपात सुरू होऊन २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांपर्यंत पोहोचायची आहे. जुना गॅस हवेत सोडून नवा भरणे, ही आजही काही ठिकाणी दिसणारी पद्धत या हिशेबात बसत नाही.

१२. गॅरेजमध्ये काय पाहावे

गळतीची शंका असेल तेव्हा योग्य क्रम असा: आतला गॅस मशीनमध्ये परत काढून त्याचे वजन करणे, गळती दुरुस्त करणे, व्हॅक्यूम करून तो टिकतो का पाहणे, आणि लेबलवर लिहिल्याप्रमाणे गॅस वजनाने भरणे. काम देताना तीन प्रश्न विचारा:

- आतून किती ग्रॅम गॅस निघाला?
- व्हॅक्यूम किती वेळ ठेवला आणि काटा टिकला का?
- किती ग्रॅम गॅस भरला?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत मोलाचे. ३५० पैकी ३०० ग्रॅम निघाला, तर दोष बहुधा दुसरीकडे आहे. १५० ग्रॅम निघाला, तर गळती शोधल्याशिवाय गाडी परत घेऊ नका. "अंदाजाने भरला" हे उत्तर मिळाले, तर घरच्या डब्यात आणि त्या कामात फरक उरत नाही.

सारांश

एसीतला गॅस संपत नाही, गळतो. उभ्या गाडीचा दाब तापमान सांगतो, प्रमाण नाही. प्रमाण फक्त वजनाने कळते. फिल्टर, कन्डेन्सर, पंखा आणि थर्मामीटरची तपासणी घरी करा. साबणाच्या पाण्याने गळती शोधा. टॉप-अप हा जुन्या, सुस्थितीतल्या आर-१३४ए गाडीपुरता, थोड्या गॅसचा आणि सावध उपाय आहे. व्यवस्था उघडी पडली असेल, तर मशीन आणि वजनकाटा असलेले गॅरेजच गाठा.

स्वाध्याय

१) गाडी रात्रभर उभी आहे, तापमान २५ अंश आणि गेजवर ८२ पीएसआय दिसतो. गॅस पुरेसा आहे असे म्हणता येईल का? कारण द्या.

२) तापमान ३० अंश असताना थंड गाडीत गेज १२० पीएसआय दाखवते. दोन शक्य कारणे सांगा.

३) गाडी पळताना एसी थंड करतो, सिग्नलला थांबल्यावर करत नाही. गॅस भरण्यापूर्वी कोणती तपासणी कराल?

४) तुमच्या घरच्या किंवा ओळखीच्या गाडीच्या बॉनेटखालचे लेबल वाचा. वायूचे नाव आणि प्रमाण लिहा. तो सगळा आर-१३४ए असून हवेत गेला, तर किती लिटर पेट्रोल जाळल्याइतका परिणाम होईल, ते काढा.